मागच्या दाराचा हिशेब कोण मांडणार?

गेल्या वर्षी आशियातल्या काही स्त्री-संघटनांची एकत्र बैठक बँकॉकला व्हायची होती. पैसा परदेशी देणगीदार संस्थेचा. तयारीसाठी मी आठ दिवस आधी गेले. माझ्या हातात एक छापील तक्ता देण्यात आला. शहरातली तीन पंचतारांकित हॉटेलं पाहायची, त्यांची तुलना करायची आणि तक्ता भरायचा. रकाने असे: स्वागत, स्वच्छता, न्याहारी, कर्मचाऱ्यांची तत्परता, तक्रारीला व्यवस्थापनाचा प्रतिसाद. प्रत्येकाला दहापैकी गुण.

मी गुण दिले. खोटं कशाला बोलू, मला मजाही आली. एका ठिकाणी दारातच हात जोडून ‘वाइ’, म्हणजे त्यांचा नमस्कार, आणि थंडगार सुवासिक रुमाल. दुसऱ्या ठिकाणी एकदा सांगितलेलं माझं नाव तिथल्या मुलीने दोन तासांनी बिनचूक उच्चारलं. तिसऱ्या ठिकाणी चहा यायला उशीर झाला, म्हणून मी दोन गुण कापले.

संध्याकाळी तो तक्ता आमच्या थाई मैत्रिणीला दाखवला. ती कामगार स्त्रियांमध्ये काम करते. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “यात बाई कुठे आहे?”

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, दहा वर्षं वस्तीत काम केलेली मी, एका उशिरा आलेल्या चहासाठी एका मुलीचे दोन गुण कापून आले होते. तिची पाळी किती तासांची होती, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. हा लेख म्हणजे तो तक्ता पुन्हा भरण्याचा प्रयत्न आहे.

हसणं हा स्वभाव नव्हे, काम आहे

बँकॉकच्या बड्या हॉटेलांची तुलना करणारं कुठलंही लिखाण वाचा. सेवा चांगली असली तर श्रेय दोघांना मिळतं: थाई माणसाच्या ‘उपजत आतिथ्याला’ आणि व्यवस्थापकाच्या कर्तबगारीला. यातलं पहिलं वाक्य आपल्याला नवीन नाही. ‘बाईच्या हाताला मुळातच चव असते’, ‘माया तिच्या रक्तातच असते’, हे आपण जन्मापासून ऐकतो. जे रक्तात आहे त्याला कौशल्य म्हणायला नको आणि मोलही द्यायला नको! हीच युक्ती इथे अख्ख्या देशाच्या बायकांना लावली आहे. ‘स्मितहास्याचा देश’ ही जाहिरात आहे आणि त्या जाहिरातीवरचं हसू बहुतेक वेळा बाईचं असतं.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. मनात काहीही असो, चेहऱ्यावर प्रसन्नता ठेवणं, पाहुण्याचा राग पोटात घालणं हेसुद्धा श्रमच आहेत, कारण मालक ते विकतो आणि त्यावर नफा कमावतो, असं त्यांनी दाखवून दिलं. हॉटेलात खोलीच्या भाड्यात हे हसू धरलेलं असतं. हसणारीच्या पगारात ते कुठे दिसतं?

थाई भाषेत खोल्या साफ करणाऱ्या बाईला ‘मे बान’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे आई, ‘बान’ म्हणजे घर. गृहिणीलाही हाच शब्द. पंचतारांकित हॉटेल विकतं काय, ते या एका शब्दात आलं. अंथरूण घालणं, न्हाणीघर घासणं, ताट पुढे करणं, कोणाला काय आवडतं ते लक्षात ठेवणं, म्हणजे जे घरात फुकट होतं तेच इथे हजारो बाटला विकलं जातं. काम तेच, करणारी बहुधा तीच. फुकटचं काम विकाऊ झालं, तरी त्याची किंमत तिच्या हाती पडली नाही.

मैत्रिणीने माझी एका ‘मे बान’शी गाठ घालून दिली. ईशान्येकडच्या इसान भागातली, चाळिशीची. मैत्रीण तिला ‘पी’ म्हणत होती, म्हणजे आपली ताई. पाळीत चौदा खोल्या, असं तिने सांगितलं. गादीचा कोपरा उचलून चादर आत खोचायची, एका खोलीत दोन खाटा असल्या तर हे आठ वेळा. तिची कंबर गेली आहे. मुलं गावाकडे आजीपाशी वाढली. पण ती ‘बिचारी’ नव्हती. “कारखान्यापेक्षा हे बरं,” ती स्पष्ट म्हणाली, “फक्त चौदाच्या दहा खोल्या करा.” सेवेची तुलना करायची तर मोजमाप हे आहे.

शिखरावर बाई असली म्हणजे झालं?

व्यवस्थापनाच्या गौरवकथा बँकॉकला भरपूर आहेत. चाओ फ्राया नदीकाठचं ओरिएंटल दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने उभं राहिलं ते जेरमेन क्रूल यांच्या हाताखाली. मूळच्या छायाचित्रकार असलेल्या या बाईंनी १९४७ पासून जवळजवळ वीस वर्षं ते चालवलं. पुढे १९६७ ते २००९ अशी बेचाळीस वर्षं कुर्ट वाख्टफाइटल हे जर्मन गृहस्थ व्यवस्थापक होते. त्यांच्या काळात ते जगातलं सर्वोत्तम हॉटेल म्हणून पुन्हा पुन्हा निवडलं गेलं. गौरव होतो तो त्यांचाच. क्रूलबाई तळटिपेत.

या सेवेचं रहस्य म्हणून एक गोष्ट नेहमी सांगतात: दर पाहुण्यामागे राबणारे हात खूप. पण इतके हात ठेवणं परवडतं कसं? हात स्वस्त आहेत म्हणून. पॅरिसच्या मजुरीत हा थाट मालकाला किती दिवस झेपेल? म्हणजे ज्याला आपण ‘थाई सेवेचा दर्जा’ म्हणतो, त्याचा मोठा भाग थाई मजुरीचा दर आहे.

दुसरी कथा तानपुयिंग चनत पियाउइ यांची. १९४०च्या दशकाच्या अखेरीस एका छोट्या हॉटेलापासून सुरुवात करून १९७० साली त्यांनी दुसित थानी उभारलं. तेव्हा ती बँकॉकमधली सर्वांत उंच इमारत होती. ‘दुसित’ म्हणजे आपल्या बौद्ध वाङ्मयातला तुषित स्वर्ग. २०२० साली त्या वारल्या. जुनी इमारत २०१९ च्या जानेवारीत बंद करून पाडली गेली आणि नवी २०२४ च्या सप्टेंबरात उघडली. परदेशी कंपन्यांच्या गर्दीत एका थाई बाईने देशी नावाने हॉटेलसमूह उभा केला, याचं कौतुक मला मनापासून आहे. पण शिखरावर बाई असली म्हणून पायरीवरच्या बाईची मजुरी आपोआप वाढत नाही. मालकीण बाई आहे की पुरुष, हा प्रश्न जरूर विचारू. तिथेच थांबू नये, इतकंच.

रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला

आता वेतनाचं पाहू. १३ एप्रिल २०२४ पासून थायलंड सरकारने दहा प्रांतांतल्या ठराविक पर्यटन भागांत, चार तारे व त्याहून वरच्या आणि किमान ५० कामगार असलेल्या हॉटेलांसाठी रोजचं किमान वेतन ४०० बाट केलं. बँकॉकमध्ये हे फक्त पथुम वान आणि वत्थना या दोन विभागांना लागू झालं. उरलेल्या शहरात ३६३ बाटच. ओरिएंटल आणि दुसित थानी दोन्ही बांग राक विभागात येतात. दुसितसमोर राम चौथा रस्ता आहे. तो ओलांडला की पथुम वान! त्याच चादरी, तीच न्हाणीघरं, तोच नमस्कार. पण कायद्याचं संरक्षण रस्त्याच्या एका बाजूला ४०० चं आणि दुसऱ्या बाजूला ३६३ चं. सगळ्या बँकॉकला ४०० मिळायला १ जुलै २०२५ उजाडावा लागला. मोठी हॉटेलं किमानापेक्षा जास्त देत असतीलही. पण एक रात्र हजारो बाटला विकणाऱ्या धंद्याला दिवसाचे ४०० द्यायला एवढी ओढाताण का व्हावी?

हॉटेलं म्हणतील, सेवाशुल्क विसरलात. खरं आहे. तिथल्या बिलावर ‘प्लस प्लस’ असतं: दहा टक्के सेवाशुल्क आणि सात टक्के कर. हे शुल्क कर्मचाऱ्यांत वाटलं जातं आणि मोठ्या हॉटेलात मूळ पगारापेक्षा लोकांचं लक्ष त्याकडेच असतं. पण याचा अर्थ काय होतो? धंद्यातला चढउतार मालकाने सोसायचा, तो कामगाराच्या गळ्यात पडतो. २०१९ साली थायलंडला जवळजवळ चार कोटी परदेशी पाहुणे आले. २०२१ साली पाच लाखही नाहीत. पाहुणा नाही, की सेवाशुल्क नाही. “मूळ पगारही अर्धा आणि सेवाशुल्क शून्य,” असं त्या ताईने सांगितलं. त्या दोन वर्षांत तिने गावाकडे तांदूळ मागवला. शहरातून गावाला पैसे जायचे, ते उलटं झालं.

कुलपं कोणासाठी?

सुरक्षितता हा कुठल्याही व्यवस्थापनाचा पहिला कस. ११ जुलै १९९७ रोजी पट्टायाजवळच्या रॉयल जोमतिएन हॉटेलला आग लागली. नव्वदच्या वर माणसं गेली. बाहेर पडायची दारं बंद होती. बिल न देता कोणी जाऊ नये म्हणून. त्याआधी चार वर्षं, १० मे १९९३ ला, बँकॉकजवळच्या केडर खेळणी कारखान्यात १८८ कामगार जळून मेले. बहुतेक तरुण मुली. तिथेही दारं बंद होती. माल चोरीला जाऊ नये म्हणून. कारखाना असो की ऐषारामी हॉटेल, माणसापेक्षा माल आणि बिल मोलाचं ठरलं की कुलूप तेच लागतं.

दुसरं कुलूप दिसत नाही. तिथे कित्येक हॉटेलांत पाहुण्यासोबत आलेल्या थाई बाईचं ओळखपत्र स्वागतकक्षात ठेवून घेतात. काही ठिकाणी तिच्यासाठी पाहुण्याकडून जादा आकारही घेतात. म्हणजे संशय तिच्यावर, कमाई हॉटेलची. दुसितपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पाटपोंगची वस्ती आहे. १९८५ साली तिथेच ‘एम्पॉवर’ ही संघटना सुरू झाली. तिथल्या बायका सांगत आल्या आहेत की आम्हालाही कामगार म्हणा आणि कामगाराचे हक्क द्या. या मागणीवर आपल्यात मतभेद आहेत, ते असू देत. पण पाहुण्याचं ओळखपत्र कोणी ठेवून घेत नाही, हे तर आपल्याला दिसतं?

आणि पाहुण्यानेच खोली साफ करणाऱ्या बाईचा हात धरला तर? थायलंडच्या कामगार संरक्षण कायद्याचं १६ वं कलम मालक, वरिष्ठ आणि निरीक्षक यांना कामगाराचा लैंगिक छळ करायला मनाई करतं. पाहुण्याचा त्यात उल्लेख नाही. आपल्या २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. भँवरीदेवीच्या लढ्यातून, १९९७ च्या विशाखा निकालातून आलेला हा अधिकार आहे. तो आपल्याकडच्या हॉटेलांत किती पाळला जातो, हेही विचारायला हवं.

हे सगळं बदलायचं तर संघटना हवी. पण संघटना-स्वातंत्र्याचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८७ क्रमांकाचा करार थायलंडने स्वीकारलेला नाही. आणि १९७५ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे परदेशी कामगाराला युनियन स्थापन करता येत नाही, तिच्या समितीवर बसता येत नाही. ब्रह्मदेशातून आलेल्या मुलींनी तक्रार कोणाच्या तोंडून करायची?

आपणही पाहुण्याच आहोत

हे थायलंडचं गाऱ्हाणं आहे, आपलं काय, असं म्हणून चालणार नाही. २०२४ साली वीस लाखांहून अधिक भारतीय तिथे गेले. आपल्याकडची लग्नं तिथल्या हॉटेलांत लागू लागली आहेत. पुरुषांचे जथे पट्टायाला जातात आणि परत येऊन डोळे मिचकावत गोष्टी सांगतात. आणि आपण? आपण बैठकांना जातो, बायकांच्या श्रमावर चर्चा करतो आणि खोलीवर परतलो की चादर सरळ केलेली असते.

मैत्रिणीच्या मदतीने मी नवा तक्ता केला. एका पाळीत किती खोल्या? सेवाशुल्क वगळून मूळ पगार किती? कंत्राटी बायका किती? गरोदरपणात काम टिकतं का? (तिथली बाळंतपणाची रजा २०१९ साली ९८ दिवसांची झाली, २०२५ साली आणखी वाढली, पण कंत्राटीला ती खरोखर मिळते का?) पाहुण्याविरुद्ध तक्रार कुठे करायची? युनियन आहे का? हे प्रश्न तिन्ही हॉटेलांना पाठवले. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने कळवलं की ही माहिती गोपनीय आहे. सोबत सभागृहाच्या दरात सवलत देऊ केली.

बैठक शेवटी त्या तिसऱ्या हॉटेलातच झाली. विद्यापीठाचं अतिथीगृह घ्यावं हा माझा आग्रह टिकला नाही. देणगीदारांना ‘दर्जा’ हवा होता. शेवटच्या दिवशी व्यासपीठावरून कर्मचाऱ्यांचे आभार मानले गेले. आम्ही सगळ्या उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. दारात उभ्या असलेल्या मुली हसल्या. ते हसू खरं होतं की पाळीतलं, मला सांगता येणार नाही.

परत आल्यावर एक गोष्ट केली. आमच्या कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या मावशींना नऊ वर्षांत एकही भरपगारी रजा नव्हती. हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलंच नव्हतं. आता महिन्याला दोन रजा आहेत. फार नाही, आणि उशिराच.

मैत्रिणींनो, पुढची बैठक ठरवताना सभागृहाचा दर विचारण्याआधी हे प्रश्न विचारा. थायलंडमध्ये विचारा, मुंबई-पुण्यातही विचारा. उत्तर नाही आलं, तर तेही रकान्यात लिहा. आणि एखाद्या हॉटेलात चहा उशिरा आला, तर गुण कापायच्या आधी तो आणणारीला तिची पाळी कधी सुटते ते विचारा.