शाळेची बातमी घरीं कोणीं न्यावी ?

वार्षिकाचा अंक हातीं येतांच तो कोण कोठें उघडतो हें पाहणें मोठें मौजेचें असतें. विद्यार्थी आपलें छायाचित्र शोधतो, पालक निकालाचें पान शोधतात, आणि आमच्यासारखे शिक्षक आपल्या लेखांत छपाईचे दोष किती राहिले हें पाहतात. अंकांत वर्षाची हकीकत असते: कोणत्या सामन्यांत ढाल मिळाली, दहावीस शेंकडा किती मुलें उत्तीर्ण झालीं, स्नेहसंमेलनास कोण पाहुणे आले. हें सर्व असावें. त्याविरुद्ध माझें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु शाळेची म्हणून जी खरी बातमी, म्हणजे आपलें मूल तेथें दिवसभर काय करितें, त्याला काय समजतें व काय समजत नाहीं, ती घरापर्यंत कशी जाते याचा विचार आपण क्वचितच करितों. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. ती बातमी विद्यार्थ्यानें स्वतः न्यावी. हल्लीं ती त्याच्या डोक्यावरून परभारें जाते, हें मला ठीक दिसत नाहीं.

पूर्वीं ती मुलाच्या दप्तरांतून जात असे. सूचनेची चिठ्ठी, फीचें कार्ड, सहामाहीचें प्रगतिपुस्तक, हें सर्व त्याच्याच हातीं दिलें जाई, व दुसऱ्या दिवशीं वडिलांची सही घेऊन तोच परत येई. वाटेंत चिठ्ठी भिजे, फाटे, कित्येकदां मुद्दाम हरवेहि; तथापि तिचा मजकूर त्यास ठाऊक असे, कारण घरीं ती वाचून दाखविणाराहि पुष्कळदां तोच असे. सन २०२० च्या मार्च महिन्यांत शाळांना टाळीं लागलीं आणि ही रीत एकाएकीं मोडली. त्या वर्षीं २३ मार्च रोजीं व्हावयाचा दहावीचा भूगोलाचा पेपर अगोदर लांबला व मग रद्द झाला. पुढच्या वर्षीं, २०२१ मध्यें, दहावीची परीक्षाच झाली नाहीं, व प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकीं ५० गुण नववीच्या निकालावरून धरण्यांत आले. नववीचें प्रगतिपुस्तक ज्या घरीं कोणी उघडूनहि पाहिलें नव्हतें, त्या घरीं तें कपाटांतून व ट्रंकेंतून शोधण्याची कशी धांदल उडाली, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

त्या दिवसांत वर्गवार मोबाइलचे गट नसते तर शाळा व घर यांचा संबंधच तुटला असता. तेव्हां या यंत्रास मी नांवें ठेवीत नाहीं. पण शाळा पुन्हां उघडल्या तरी गट तसेच राहिले, आणि सोयीचें म्हणून आम्हीं चिठ्ठी देण्याचें सोडलें तें सोडलेंच. आतां सूचना शिक्षकाच्या मोबाइलांतून निघते व पालकाच्या मोबाइलांत जाऊन पडते. ज्याच्याविषयीं ती असते तो विद्यार्थी मध्यें कोठेंच नसतो.

यांतून काय घडतें याचें एक उदाहरण देतों. तें माझ्याच हयगयीचें आहे. आपल्या या बीड जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें दसरा-दिवाळी आटोपली कीं ऊसतोडीस जातात, हें वाचकांस सांगावयास नकोच. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आणि पश्चिम महाराष्ट्रांत वा कर्नाटकांत कारखान्यांच्या आसपास कोपी घालून तीं मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. शिकणारीं मुलें आजीआजोबांपाशीं मागें राहतात. दहावीचीं आवेदनपत्रें भरण्याचा हंगामहि नेमका तोच. आवेदनपत्रें गेल्यावर नांवांची एक कच्ची यादी तपासण्यासाठीं येते. शाळेंत तिला प्रीलिस्ट म्हणतात. विद्यार्थ्याचें नांव, आईचें नांव, विषय, सारें तींत पाहून चूक असल्यास तेव्हांच कळवावयाची असते. पुढें गुणपत्रक छापतात तें याच मजकुरावरून, आणि एकदां छापली गेलेली चूक काढून घेणें म्हणजे मोठी यातायात. मीं त्या यादीचें छायाचित्र गटांत घातलें, ‘नांवें तपासून उद्यांपर्यंत कळवावें’ असें खालीं लिहिलें, आणि रात्रीं सर्वांनीं तें पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटलेल्या पाहून निश्चिंतपणें निजलों.

एका मुलाच्या आईचें नांव त्या यादींत माहेरचें पडलें होतें. लग्नांत वधूचें नांव बदलण्याची चाल आपल्याकडे अजून कित्येक घरांत आहे. मामाच्या गांवच्या शाळेंत पहिलीस नांव घालतांना मामानें बहिणीचें जें नांव त्याच्या तोंडीं बसलें होतें तेंच सांगितलें, व तें दाखल्याबरोबर आमच्या रजिस्टरांत आलें. मुलगा शाळेंत आहे तोंवर पुरावा दाखवून असली नोंद बदलून घेणें त्या मानानें सोपें. पण त्या रात्रीं कर्नाटकांतील एका कोपींत वडिलांचा मोबाइल त्यांच्या पांच वर्षांच्या मुलीच्या हातीं होता. आईबाप गाडी भरावयास गेले होते. खेळतां खेळतां तिनें गट उघडला आणि निळी खूण उमटली. आणि तो मुलगा कोठें होता ? तो दुसऱ्या दिवशीं माझ्यासमोर पहिल्या बांकावर बसला होता. यादीवर त्याची सही मीं तासाच्या गडबडींत घेतली; परंतु ‘नांवें नीट वाचून पाहा’ एवढे चार शब्द म्हटले नाहींत, कारण तें काम पालकांनीं उरकलें आहे असें मी धरून चाललों होतों.

निकालानंतर आयटीआयच्या प्रवेशाच्या ऐन दिवसांत बापलेकांनीं प्रतिज्ञापत्र, दाखले आणि नक्कला यांसाठीं किती खेपा घातल्या, व बापाचे मजुरीचे किती खाडे झाले, हें मीं पाहिलें. मुलानें माझ्यावर राग धरला नाहीं. एवढेंच म्हणाला, “सर, मला वाचायला सांगितलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.”

यावर कोणी म्हणेल कीं, मुलांच्या हातीं बातमी दिली तर तीं ती लपवितात. लपवितात हें खरें. मीं स्वतः सातवींत असतांना प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही इतकी हुबेहूब केली होती कीं, पुढें तें पुस्तक त्यांच्या हातीं लागलें तेव्हां खुद्द त्यांनाहि ती आपलीच वाटली. (आज ते हयात नाहींत, म्हणून येथें कबूल करण्याचें धैर्य होतें.) पण मूल लपवितें तें कां ? शाळेकडून घरीं बोलावणें जातें तें बहुधा दोनच प्रसंगीं: फी थकली म्हणजे, आणि कांहीं आगळीक झाली म्हणजे. ‘उद्यां पालकांना घेऊन ये’ हें वाक्य ऐकून ज्याचा चेहरा उतरला नाहीं असा विद्यार्थी मला अद्याप भेटावयाचा आहे. ज्या टपालांतून सदा वाईटच वार्ता येते त्याच्या हरकाऱ्यानें थैली विहिरींत टाकली तर दोष एकट्या हरकाऱ्याचा म्हणतां येणार नाहीं.

मुलाच्या तोंडून निघालेली बातमी कच्ची असते, तिच्यावर भरंवसा काय ठेवावा, असेंहि म्हणतात. त्यांस मी एका जुन्या गोष्टीची आठवण देतों. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मिशननें १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ हें नियतकालिक सुरू केलें. त्याच्या १८५५ सालच्या अंकांत मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकत होती. वय सुमारें चवदा. मांग-महारांच्या दुःखाविषयीं तिनें जें पाहिलें व सोसलें तें तिनें त्यांत लिहिलें. त्या काळच्या शाळांविषयीं मोठमोठ्या गृहस्थांनीं लिहिलेले अहवाल पुष्कळ आहेत. अभ्यासकांवांचून ते आज कोणी उघडीत नाहीं. या मुलीचा निबंध मात्र पावणेदोनशें वर्षें होत आलीं तरी लोक वाचतात. त्या शाळेंत काय शिकविलें जात होतें याची याहून विश्वसनीय बातमी कोणता तपासनीस देऊं शकला असता ?

तें उदाहरण फार मोठें, आमचा उद्योग त्यापुढें अगदीं लहान, तरी सांगतों. यंदा जूनपासून मीं नववीच्या वर्गांत बातमीची वही सुरू केली आहे. शनिवारीं सकाळच्या शाळेंतील शेवटच्या तासास प्रत्येकानें आठवड्याची शाळेची बातमी आपल्या शब्दांत लिहावयाची. चार ओळीहि चालतील. शुद्धलेखनाचे गुण नाहींत. ती घरीं मोठ्यानें वाचावयाची, आणि ऐकणारानें खालीं सही करावी, अंगठा द्यावा, अथवा कांहीं सांगावयाचें असल्यास मुलाकडूनच लिहवून घ्यावें.

पहिल्या महिन्यांत मुलांनीं ‘गणिताचा धडा झाला, इतिहासाचा धडा झाला’ असेंच लिहिलें, आणि हा खटाटोप व्यर्थ जाणार असें मला वाटूं लागलें. मग एकानें लिहिलें कीं, पाण्याच्या टांकीचा नळ आठ दिवस गळतो आहे व कोणी पाहत नाहीं. सोमवारीं त्याचे आजोबा पान्हा व वायसर घेऊन शाळेंत आले आणि नळ नीट करून, चहाहि न घेतां, परत गेले. एका मुलीनें लिहिलें कीं, तिसऱ्या बांकावरून तिला फळ्यावरचें दिसत नाहीं. हें तिनें मला कधीं सांगितलें नव्हतें, आणि आईलाहि नाहीं. आतां तिला चष्मा आहे. बीजगणितांत ती ‘ढ’ आहे असा माझा जो ग्रह झाला होता त्याविषयीं मी येथें अधिक लिहीत नाहीं.

बातमी उलट दिशेनेंहि येऊं लागली, याची मीं अपेक्षा केली नव्हती. दिवाळीच्या सुटीपूर्वींच्या शनिवारीं एका मुलीनें शेवटीं एकच ओळ लिहिली होती: सुटीनंतर मी येणार नाहीं, धाकट्या भावाला सांभाळायला मला तोडीवर नेणार आहेत. आम्ही दोघे शिक्षक त्याच दिवशीं तिच्या घरीं गेलों. वाद घालण्यांत अर्थ नव्हता. तान्हें मूल उसाच्या फडांत कोणाच्या जिवावर ठेवावें, हा त्या आईचा प्रश्न खराच होता. अखेर तिची मावशी पुढें झाली, धाकट्यास तिनें आपल्यापाशीं ठेवून घेतलें, व मुलगी आजीजवळ राहिली. शनिवारीं रात्रीं ती मोबाइलवरून आईवडिलांस वही वाचून दाखविते. गाडी उशिरां लागली तर रात्रीचे अकरा वाजतात, तरी तीं दोघें ऐकल्यावांचून निजत नाहींत असें ती सांगते. मोबाइलचा असा उपयोग होत असेल तर माझी त्याच्याविरुद्ध कांहींच तक्रार नाहीं.

ही वही सर्वच घरीं वाचली जाते असें नाहीं. कांहीं पालक न ऐकतांच सही ठोकतात. एका गृहस्थांनीं तर पुढील चार शनिवारांच्या सह्या एकदमच करून दिल्या! त्यांचा मुलगा सुरेख लिहितो, व आपलें कोणी ऐकत नाहीं हेंहि त्यानें तितकेंच सुरेख लिहिलें आहे. तें पान अद्याप वाचलें गेलेलें नाहीं.

मुख्याध्यापकांच्या संमतीनें येत्या जूनपासून आठवी व दहावी या वर्गांतहि वही सुरू होईल. तांतडीच्या सूचना गटांत जातीलच, पण प्रत्येक सूचना प्रथम वर्गांत वाचली जाईल व विद्यार्थी ती आपल्या हातानें उतरून नेतील. दहावीची कच्ची यादी प्रत्येक विद्यार्थ्यापुढें पुरा एक तास ठेवली जाईल. ज्यांचे आईवडील हंगामावर जातात त्या विद्यार्थ्यांनीं, शनिवारीं रात्रीं त्यांच्याशीं बोलणें कोणत्या वेळीं होऊं शकतें, हें जाण्यापूर्वींच त्यांस विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.