तूसाँची थंडी



शाळेत वर्ड्सवर्थ म्हणजे डॅफोडिल्स. कविता पाठ केली, मार्क मिळवले, विषय संपला. या माणसाने तुरुंगातल्या एका बंडखोर नेत्यावर सुनीत लिहिलंय, हे मला पार तिशीत कळलं. तेही आडवळणाने.

ऑगस्ट २०२१ मध्ये हैतीच्या दक्षिण भागात भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली. आमच्या टीममधला डेटाबेसवाला मूळचा तिकडचा. मी त्याला ऑफिसच्या चॅटवर दोन ओळी टाकल्या, "आम्ही तुझ्याबरोबर आहोत" टाईप. पाठवल्यावर स्वतःलाच कसंनुसं झालं. तो बोस्टनला, मी न्यू जर्सीत, बरोबर कसले डोंबलाचे! पण त्या निमित्ताने आमचं बोलणं वाढलं आणि त्याच्याकडून तूसाँ लूव्हेर्त्यूर हे नाव ऐकलं.

तूसाँ जन्माने गुलाम. फ्रेंचांच्या सँ-डोमँग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, १७९१ साली उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांनी उठाव केला आणि त्यातून हा सेनापती वर आला. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली, तेव्हा तो फ्रान्सच्या बाजूने लढायला लागला. बेटावर चालून आलेल्या इंग्रजांना १७९८ मध्ये काढता पाय घ्यावा लागला, तो याच्यामुळेच. पुढे नेपोलियनला वसाहत पुन्हा मुठीत हवी होती. त्याने आपला मेहुणा लक्लेर्क याला फौज देऊन पाठवलं. जून १८०२ मध्ये बोलणी करायला म्हणून तूसाँला बोलावलं आणि पकडलं. (अफजलखान आठवला ना? इथे मात्र डाव साधला.) बायकामुलांसकट बोटीत घालून फ्रान्सला नेलं, तिथे त्यांची ताटातूट केली आणि ऑगस्टमध्ये त्याला स्विस सरहद्दीजवळ जूरा डोंगरातल्या फोर्ट द जू किल्ल्यात टाकलं. खटला नाहीच.

त्याच महिन्यात वर्ड्सवर्थ फ्रान्समध्येच होता, कॅलेला. तहामुळे इंग्रजांना तिकडे जाणं शक्य झालं होतं. लग्नाआधी जुन्या प्रेयसीला आणि नऊ वर्षांच्या मुलीला भेटायला गेला होता. (हे शाळेत कोणी सांगत नाही!) परतीच्या बोटीवर त्याला फ्रान्समधून हाकललेली एक कृष्णवर्णीय बाई दिसली, तिच्यावरही त्याने कविता लिहिली.

तूसाँवरचं सुनीत २ फेब्रुवारी १८०३ ला लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये आलं. कैदी नेमका कुठे आहे हे कवीलाही ठाऊक नाही. तो धीर देतो, की तू पडलास तरी मरू नकोस. वारा, जमीन, आकाश तुझ्या बाजूने आहेत, माणसाचं न हरणारं मनही आहे.

मला आधी हे वाचून भारी वाटलं, आणि मग राग आला. कारण त्या किल्ल्यात तूसाँला मारलं ते निसर्गानेच. सगळं आयुष्य उष्ण बेटावर गेलेला साठीचा माणूस, हजारेक मीटर उंचीवरच्या दगडी कोठडीत, त्यात वरून हुकूम येऊन जळणाची लाकडंही कमी केलेली. नेपोलियनला पत्रं लिहिली, उत्तर नाही. ७ एप्रिल १८०३ ला पहारेकऱ्यांना तो शेकोटीपाशी खुर्चीत मेलेला सापडला. त्याला दोन जादा ओंडके मिळाले असते तर सुनीतापेक्षा बरं झालं असतं, असं माझ्यातला इंजिनियर म्हणतो.

आणि इंग्रजी पेपरला तूसाँचा एवढा कळवळा का? पाच वर्षांपूर्वी यांचंच सैन्य त्याच्याशी लढत होतं. आता नेपोलियनला झोडपायला तो सोयीचा होता. वर्ड्सवर्थचा हेतू मी खोटा म्हणत नाही. बोटीवरच्या त्या बाईकडे बघणारा माणूस खराच असणार.

पण गंमत बघा. तिकडे बेटावर निसर्ग खरंच तूसाँच्या बाजूने होता. पिवळ्या तापाने फ्रेंच फौजेची दैना केली, खुद्द लक्लेर्क नोव्हेंबर १८०२ मध्ये त्यातच गेला. उरलेल्यांना देसालीनने हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. म्हणजे कवी चुकला नव्हता, फक्त कोठडीतल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता.

हे सगळं मी त्या सहकाऱ्याला सांगितलं, कविताही पाठवली. म्हटलं वाचून काय म्हणतो बघू. त्याने एवढंच विचारलं, "हे छापलं तेव्हा तो जिवंत होता?"

होता म्हटलं. अजून दोन महिने.

चूभूद्याघ्या.