मुलाचा हक्क बापाच्या फॉर्म-१६वर का ठरावा?

जुन्या करप्रणालीत माझ्यासारख्या नोकरदाराला दोन मुलांची ट्यूशन फी ८०सीखाली दाखवून आयकर वाचवता येतो. परतवाड्यात संत्र्याचे क्रेट भरणारे आपले चाचा आयकराच्या कक्षेतच येत नाहीत, म्हणून त्यांच्या मुलांसाठी ही सवलत नाही. पण मुलाच्या चपलेवर आणि मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी तेही भरतात.

अमेरिकेने २०२१मध्ये ही त्रुटी दूर केली. ज्यांना कर लागत नव्हता, त्यांनाही सहा वर्षांखालील मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर दिले. बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली. वाढीव मदत वर्षभरात संपली आणि २०२२मध्ये हा आकडा १२.४ टक्क्यांवर गेला. जानेवारी २०२४मध्ये दोन्ही पक्षांच्या खासदारांनी प्रतिनिधीगृहात ३५७ विरुद्ध ७० मतांनी पुन्हा मदतवाढ मंजूर केली, पण ती सिनेटमध्ये अडली. म्हणजे सहमती असली तरी पाठपुरावा लागतोच.

सहमती आपल्याकडेही आहे. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने महिलांना दरमहा २,१०० रुपये देऊ म्हटलं, महाविकास आघाडीने ३,०००. थेट खात्यात पैसे देण्यावर भांडण उरलं नाही. मग हीच बोली मुलांसाठी का लागत नाही?

'लेक लाडकी' योजना चांगली आहे. १ एप्रिल २०२३पासून जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात. पण त्यातले ७५,००० अठराव्या वर्षी. पहिलीत ६,००० मिळाले की पुढचे ७,००० थेट सहावीत. मुलग्याला काहीच नाही. त्यात केंद्राने २०२२-२३पासून पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही बंद केली. शिक्षण मोफत आहे, हे कारण दिलं. फी माफ झाली, तरी दप्तर, ऑटो आणि सकाळचा नाश्ता माफ होत नाही.

म्हणून मागणी साधी हवी: गरीब घरातल्या प्रत्येक मुला-मुलीला, धर्म-जात न पाहता, बारावीपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम. ही फक्त आपल्या मोहल्ल्याची मागणी नाही. मेळघाटातल्या कोरकू घराचीही तीच गरज आहे.

तोवर दोन कामं आपल्या हातात आहेत. बाळाची जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या. उशिराच्या दाखल्यांवरून २०२५मध्ये अमरावती-अकोल्यात आपल्या लोकांची किती धावपळ झाली, ते आठवा. आणि अंगणवाडी सेविकेकडे 'लेक लाडकी'चा अर्ज भरा. ज्यांना फॉर्म भरता येत नाही, त्यांच्या शेजारी बसा.

पुढच्या वेळी उमेदवार दारात आला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला विचारा: बहिणीचं ठरलं, तिच्या लेकराचं काय?