नावाला संरक्षण, हुन्नराला नाही

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्रादा या इटालियन कंपनीने पुरुषांचा नवा पेहराव प्रदर्शित केला. त्यात कोल्हापुरी घाटाची चप्पल होती. कोल्हापूरचे नाव मात्र कोठेच नव्हते. संतापाची लाट उसळताच कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. जोड दोन हजार, किंमत सुमारे आठशे युरो. प्रकरण मिटले, असे मानले गेले. आमच्या मते ते मिटलेले नाही.

बाभळीच्या सालीने व हिरड्याने कातडे कमावणे, खिळा न वापरता चामड्याच्याच दोरीने तळ शिवणे, पट्ट्याची वेणी घालणे हा हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात शिकला गेला. आज दलालाला टाळण्यासाठी कारागीर आपला माल इंटरनेटवरून स्वतः विकू लागला आहे. गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून त्याला वेणी न्‌ वेणी छायाचित्रात दाखवावी लागते. नक्कल करणाऱ्यास याहून अधिक काय हवे? तो तोच नमुना रेक्झिनमध्ये यंत्रावर काढतो आणि त्याच पडद्यावर 'कोल्हापुरी' म्हणून स्वस्तात विकतो.

कायदा काय देतो याविषयी आपल्या कार्यकर्त्यांतही गैरसमज आहेत. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली कोल्हापुरी चपलेची नोंद २०१९ मध्ये झाली. दोन्ही राज्यांतील प्रत्येकी चार जिल्हे तीत येतात. ही नोंद नावाचे रक्षण करते, शिवण्याच्या पद्धतीचे नव्हे. पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. आणि ते योग्यच आहे, नाहीतर बड्या कंपन्यांनीच ते आधी पटकावले असते. स्वतः बसवलेल्या नव्या घाटाची नोंद २००० च्या डिझाइन कायद्याखाली होऊ शकते, परंतु तो अर्जापूर्वी प्रसिद्ध झालेला नसावा. म्हणजे ज्या दिवशी कारागिराने विक्रीसाठी छायाचित्र टाकले, त्याच दिवशी ही वाट बंद झाली!

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रादाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. याचिका वकिलांनी केली होती. नोंदीचे मालक असलेली महामंडळे न्यायालयात आलीच नव्हती. वस्तुतः याच कायद्याच्या कलम १७ अन्वये प्रत्यक्ष उत्पादकास 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घेता येते व नावाच्या गैरवापराविरुद्ध स्वतः दाद मागता येते. २०२० च्या नियमदुरुस्तीने या नोंदीचे शुल्क अवघ्या दहा रुपयांवर आणले. अडचण शुल्काची नाही. अर्ज कोणी भरावा, पुरावे कोणी जोडावेत, दाव्याचा खर्च कोणी सोसावा, ही अडचण आहे. एकट्या कारागिराला हे झेपणारे नाही. आणि 'तुझे तंत्र झाकून ठेव' हा शहाण्यांचा सल्ला त्याला पुन्हा दलालाच्याच दारी नेऊन उभा करतो.

म्हणून अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदणीचे काम कारागिरांच्या सहकारी संस्थांनी वस्तीवस्तीत हाती घ्यावे. अथणीचा कारागीर यात कोल्हापूरच्या कारागिराइतकाच भागीदार आहे. सीमावादाची सावली येथे पडता कामा नये. 'कोल्हापुरी' नावाने माल विकणाऱ्यास अधिकृत वापरकर्त्याचा क्रमांक दाखविणे इंटरनेटवरील बाजारांनी सक्तीचे करावे. आणि आठशे युरोंच्या जोडामागे तो शिवणाऱ्या हाताला किती मजुरी पडते, हे दोन्ही महामंडळांनी मराठीत आणि कानडीत जाहीर करावे.