कुत्र्यासाठी स्थळ पाहताना



लालबागहून परळकडे चालत निघाले की थोड्याच वेळात बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय लागते. हे रुग्णालय माणसांचे नव्हे, जनावरांचे आहे. प्राण्यांना होणारा छळ थांबवण्यासाठी १८७४ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था ते चालवते. शेजारीच १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गाडीखाली पाय मोडलेली, आजारी पडलेली, मालकाने सोडून दिलेली कुत्री अशा ठिकाणी येतात, उपचारांनी बरी होतात, आणि मग प्रश्न पडतो : यांनी आता जायचे कुठे?

तुमच्यापैकी कित्येकांचे उत्तर तयार असेल : “आमच्या घरी!” तुमचा हा चांगुलपणा मला आवडतो. पण नुसत्या चांगुलपणावर हा प्रश्न सुटत नाही, असे माझे मत आहे, आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी लालबागच्या चाळीत राहत असताना मी एका आश्रयस्थानातून एक तांबूस रंगाची मोठी कुत्री घरी आणली. तिथे ती कोपऱ्यात गप्प बसून असे. मला वाटले, स्वभावाने गरीब दिसते! श्रावण संपला, गणपती आले. गल्लीत ढोल-ताशे, फटाके, दर्शनाला निघालेल्या माणसांचा लोंढा. कुत्री पलंगाखाली शिरली ती दोन दिवस बाहेर आली नाही. अन्नाला तिने तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचा एक लहान मुलगा तिला प्रेमानेच बाहेर ओढू लागला, आणि ती त्याच्या हाताला चावली. जखम लगेच साबणाने धुतली, लस दिली, मुलगा सुखरूप राहिला. पण मला तिला परत न्यावे लागले. टॅक्सीत ती माझ्या पायांवर डोके ठेवून बसली होती. ते मी अजून विसरलेलो नाही.

तुम्ही म्हणाल, कुत्रीच वाईट होती. पण तीच कुत्री पुढे वसईकडच्या एका वाडीत, एका वयस्कर जोडप्याच्या घरी सुखाने नांदली. माझ्याकडून स्थळ चुकले होते. ते का चुकले, हे विज्ञानाच्या मदतीने पाहू.

पहिली गोष्ट कानांची. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि पुष्कळसे बारीक आवाज तो आपल्यापेक्षा कितीतरी दुरून टिपतो. आपल्याला उत्साह आणणारा गलका त्याला असह्य होऊ शकतो.

दुसरी गोष्ट लहानपणाची. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांची पिल्ले वाढवून निरीक्षणे केली व १९६५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून साधारण बारा आठवड्यांचे होईपर्यंत ते जगाशी ओळख करून घेत असते. या काळात माणसे, मुले, आवाज, वाहने यांची सवय झाली, तर पुढे त्यांचे भय वाटत नाही. माझ्या कुत्रीचे पहिले वर्ष एका बंद गोदामात गेले होते. हे मला नंतर कळले. मी आधी विचारायला हवे होते.

तिसरी गोष्ट पाहण्यातल्या घाईची. आश्रयस्थानात नव्याने आलेल्या कुत्र्याच्या शरीरात पहिल्या काही दिवसांत कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते, असे मोजमापांवरून दिसले आहे. अशा वेळी कुत्रे गप्प बसले, तर त्याला शांत म्हणायचे की भेदरलेले? मी भीतीलाच गरीबपणा समजलो.

मग कुत्र्याच्या जातीवरून काही कळते का? पुष्कळांचा समज असा की, अमुक जात प्रेमळ, तमुक जात रागीट. २०२२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली व त्यांपैकी दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे नऊ टक्के फरकच जातीमुळे पडतो, असे त्यांना आढळले. म्हणजे जातीच्या पाटीपेक्षा समोरच्या त्या एका कुत्र्याकडे पाहणे अधिक शहाणपणाचे. रस्त्यावरच्या गावठी कुत्र्याला कमी लेखण्याचेही मग कारण उरत नाही.

शरीराच्या बाबतीत मात्र जात महत्त्वाची ठरते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि बाष्पीभवनाने शरीर थंड ठेवतो. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. आता सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेल्या, दाट केसांच्या हस्कीला मुंबईच्या मे महिन्यात काय वाटत असेल, याचा विचार करा. असली कुत्री हौसेने विकत घेतली जातात आणि हौस फिटली की सोडूनही दिली जातात.

आणखी एक प्रश्न : रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला घर हवेच असते का? गल्लीत वाढलेल्या मोठ्या कुत्र्याची जागा, सोबती, खाऊ घालणारी माणसे ठरलेली असतात. त्याला दहा बाय बाराच्या खोलीत कोंडणे म्हणजे दया नव्हे. अशा कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना त्याच जागी सोडावे, हे २००१ आणि २०२३ च्या केंद्रीय नियमांचे मूळ सूत्र आहे. घराची खरी गरज असते ती आई गमावलेल्या पिल्लांना, अपंगांना आणि घराची सवय असलेल्या टाकून दिलेल्या कुत्र्यांना. त्यांत आणखी भर पडणार आहे. शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री आश्रयस्थानांत हलवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. आश्रयस्थाने भरली की ‘कुणीही न्या, पण न्या’ असे म्हणण्याचा मोह होईल. मला भीती वाटते ती त्या मोहाची.

कोणी म्हणेल, “इतकी चौकशी करत बसलो, तर बिचारी कुत्री वाटच पाहत राहतील.” या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून चौकशी नकार देण्यासाठी नसावी, जोडी जमवण्यासाठी असावी. चाळीतले घर लहान म्हणून ते नापास, असे मी मुळीच म्हणणार नाही. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या मोठ्या घरात दिवसभर कुलूप असेल, तर तिथे कुत्रे एकटे कुढेल. चाळीत आजी असते, शेजारी असतात, दारे उघडी असतात. माणसांत रमणाऱ्या, आवाजाला सरावलेल्या, तीन पायांच्या एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याला तळमजल्यावरची खोली हे उत्तम स्थळ होय. तेच स्थळ माझ्या भित्र्या कुत्रीला तुरुंग ठरले.

तेव्हा कुत्रे आणण्याआधी हा एक प्रयोग करा. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकात घर मांडा : दिवसा कोण असते, लहान मुले किती, जिने किती, मसाला कुटणारे डंक किंवा उत्सवाचा मंडप किती जवळ, सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण, डॉक्टरचा आणि खाण्याचा खर्च कोण करणार, शेजाऱ्यांचे म्हणणे काय. दुसऱ्यात कुत्रे मांडा : वय, प्रकृती, लसी, आधीचे आयुष्य, अनोळखी माणसाजवळ, मुलांजवळ आणि मोठ्या आवाजात ते कसे वागते. एकाच भेटीवर भिस्त ठेवू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तीनदा तरी जा. आश्रयस्थानातल्या माणसांना विचारा, ती त्याला रोज पाहतात. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवा आणि घरातल्या मोठ्यांसमोर मोठ्याने वाचा.

रकाने जुळले नाहीत, तर खुशाल नाही म्हणा. त्या कुत्र्याचे योग्य स्थळ दुसरीकडे असेल. तोवर तुम्हांला करण्यासारखे पुष्कळ आहे. गल्लीतल्या कुत्र्याला पाण्याचे भांडे ठेवता येईल, त्याला लस मिळाली की नाही याची चौकशी करता येईल, फटाक्यांच्या दिवसांत एखाद्या भेदरलेल्या जीवाला जिन्याखाली निवांत बसू देता येईल.

आणि रकाने जुळलेच, तर मात्र पुढची दहा-बारा वर्षे मागे फिरू नका.