टप म्हणजे माळा नव्हे

रविवारी सकाळी भाचा खाली हॉर्न वाजवत राहिला. गॅलरीतून पाहतो तर त्याच्या २००८च्या बोलेरोवर दुसरा मजला चढलेला. लोखंडी कॅरिअर, त्यावर घडीचा तंबू, तंबूपुढे शंभर वॉटचं सोलर पॅनल, कडेला ताडपत्रीची गुंडाळी (आता तिला ऑनिंग म्हणायचं) आणि मागे पाण्याचा वीस लिटरचा कॅन. "मामा, आता यावर लिहा," म्हणाला. लिहितोय बाबा.

दार उघडून आत वर पाहिलं. छताच्या कापडावर चहा सांडल्यासारखे चार डाग. परवाच्या वळवाच्या सरीची कृपा. दुकानदाराने कॅरिअरचे पाय बसवायला पत्र्यात आरपार भोकं पाडली आणि वर सिलिकॉन फासलं. अहो, बोलेरोच्या टपाला दोन्ही कडांना पन्हळ असते. जुन्या जिप्सीलाही होती. तिला क्लॅम्प आवळले की कॅरिअर बसतं, पत्र्याला ओरखडासुद्धा येत नाही. कॅरिअर उद्या काढता येईल, भोकं कशी काढणार? अर्थात हल्ली टपाला कारखान्यातच भोक पाडून मिळावं म्हणून लोक जास्तीचे पैसे मोजतात आणि त्याला सनरूफ म्हणतात. नेहमीचे वाचक हसले असतील. हसा. सनरूफवाल्यांना स्टेपनी कुठे असते ते माहीत नसतं, हे माझं मत पुराव्याविना कायम आहे.

पण भोकांपेक्षा मला सलला तो टपावरचा ढीग. तो पाहून महाड स्टँडवरची लाल एसटी आठवली. मागे शिडी, वर कठडा, आणि डोक्यावर ट्रंक घेऊन ती शिडी चढणारा हमाल. तांदळाची पोती तो मधोमध आडवी टाकायचा, ट्रंका त्यांना टेकवून, वळकट्या वर. आंब्याच्या पेट्या सगळ्यात शेवटी. आधी उतरणाऱ्याचं सामान शिडीजवळ. मग ताडपत्री, दोरी, आणि दोरी ताणून झाली की तिच्यावर टिचकी. बद्द आवाज आला तर पुन्हा सोडून बांधायचा. पुढे वरंध घाट होता; वरून जड झालेली गाडी वळणावर कशी झुकते, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे सामान वर जायचं, कारण आत पाय ठेवायला जागा नसायची. माणसं आत, म्हणून बोजा वर.

भाच्याच्या गाडीत माणसं दोन. मागच्या सगळ्या सीटवर मिळून एक स्पीकर आणि एक उशी. आत हवा, वर बोजा! हिशेब मांडला: कॅरिअर तीस किलो, तंबू साठ, पाणी वीस, ऑनिंग दहा, पॅनल सात. सव्वाशेच्या वर. चालत्या गाडीच्या टपावर बहुतेक कंपन्या पन्नास ते शंभर किलोच मानतात, तेही कॅरिअर धरून. उभ्या गाडीचा टप याहून कितीतरी जास्त सोसतो, म्हणून वर दोघं झोपू शकतात; दुकानदार नेमका तेवढाच आकडा सांगतो. ताम्हिणीत गाडी उभी नसते.

सोलरची मी मागे टिंगल केली होती. ती अर्धी मागे घेतो. टपावर काही ठेवायचंच तर हलकं आणि आभाळाशी काम असलेलं ठेवावं, आणि पॅनल दोन्ही आहे. पण ते दिवसाकाठी चारशे-साडेचारशे वॉट-तास देतं, तेही उन्हात. मुक्कामाला पोचल्यावर आपण काय शोधतो? झाड! पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात; एका फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तरी वीज धाडकन उतरते. म्हणजे फ्रिज गार हवा तर माणसांनी उन्हात भाजायचं. त्यापेक्षा फ्रिजला वेगळी बॅटरी आणि ऑल्टरनेटरवरून वीस अँपिअरचा चार्जर लावला, तर पुण्याहून हरिहरेश्वरला जाईतो चार तासांत एक युनिट जमा होतं. पॅनलचे दोन दिवस! पॅनलची खरी गरज एकाच जागी तीन दिवस तळ ठोकणाऱ्याला, आणि भाच्याला रजा मिळते दीड दिवसाची. तूर्त त्याचा फ्रिज इंजिनाच्याच बॅटरीला जोडलाय. सोमवारी पहाटे धक्का मारायला कोण मिळतं, ते तो कळवेलच.

पाण्याचा कॅन त्याने माझ्यासमोर खाली घेतला. तंबूवर मात्र तह झाला नाही. भोकं बुजवायला पत्रेवाल्याने शनिवारचं बोलावलंय. तोवर बोलेरो ताईच्या बिल्डिंगबाहेर रस्त्यावर उभी, कारण पार्किंगच्या आडव्या पाइपाखालून ती आता जात नाही. जागा भर उन्हातली. काल गेलो तर ताईने तंबूच्या कव्हरवर कुरडया वाळत घातल्या होत्या. शिडी होतीच.