कोळंबीच्या सांडपाण्यातील धन कोणाचे?

किनाऱ्यावरील कोळंबीच्या तळ्यांतून बाहेर पडणारे पाणी आजवर घाण म्हणूनच ओळखले गेले. आता त्या घाणीतच धन आहे, असे मत्स्यशास्त्रज्ञ सांगू लागले आहेत. त्यांचे म्हणणे खरे आहे. खाद्याबरोबर तळ्यात पडणाऱ्या नत्रापैकी साधारणतः चौथा ते तिसरा हिस्साच जनावराच्या अंगी लागतो; बाकीचे पाण्यात व गाळात जाते. हे पाणी आधी निवळू दिले, मग कालवे-शिणाण्यांसारख्या शिंपल्यांच्या तळ्यातून व अखेरीस समुद्रशेवाळाच्या तळ्यातून नेले, तर तरंगते कण शिंपले गाळून खातात आणि विरघळलेला अमोनिया व फॉस्फेट शेवाळ शोषून घेते. खाडीला कमी घाण मिळते आणि वर दोन पिके हाती येतात.

परंतु या धनाचा हिशेब मांडताना मागची थकबाकी विसरून चालणार नाही. तामिळनाडूच्या नागपट्टिनम परिसरात भातखाचरांची कोळंबी-तळी झाली, तेव्हा विहिरी खाऱ्या झाल्या आणि भूमिहीन मजुरांची लावणी-कापणीची मजुरी बुडाली. सर्वोदयी नेते एस. जगन्नाथन यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने न्यायालयापुढे ठेवलेल्या अहवालात, या धंद्याने होणारी हानी त्याच्या मिळकतीहून अधिक असल्याचे दाखविले. 11 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील अशी तळी मोडण्याचा आणि प्रदूषण करणाऱ्याकडून भरपाई घेण्याचा निकाल दिला. 2005 च्या किनारी जलशेती प्राधिकरण कायद्याने मात्र या धंद्याला पुन्हा वैधतेचे छत्र मिळाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील मर्म साधे आहे. नफा तळ्याच्या मालकाचा आणि खर्च गावाचा, या वाटणीवरच हा धंदा उभा राहिला. आता सांडपाण्याला किंमत येताच तेही मालकाच्याच खात्यात जमा झाले, तर जुना अन्याय नव्या तंत्राने पक्का होईल. शिवाय खारे पाणी ते खारेच. रोहू-कटल्याच्या गोड्या तळ्याचे पाणी भाताला खत म्हणून देता येते. कोळंबीचे देता येत नाही. म्हणून ‘घाणीचे सोने’ या घोषणेआड भातजमिनीवर नवी तळी खोदण्यास परवानगी मिळता कामा नये.

एक-दोन एकरांच्या तळेवाल्याला स्वतंत्र शुद्धीकरण-तळे परवडत नाही, हेही तितकेच खरे. त्याच्यासाठी खाडीवार सामाईक तळी हवीत. ती सरकारी खर्चाने बांधावीत. तेथील शिंपले व शेवाळ पिकविण्याचा हक्क मच्छीमार आणि भूमिहीन स्त्रियांच्या सहकारी संस्थांना द्यावा. बड्या मालकांकडून सोडलेल्या पाण्याच्या प्रमाणात आकार घ्यावा आणि पाण्याच्या तपासणीचे निकाल ग्रामसभेपुढे वाचले जावेत.

किनारी जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी ही मागणी आजच हाती घ्यावयास हवी. ज्यांच्या विहिरी खाऱ्या झाल्या, त्यांचा या धनावर पहिला हक्क आहे.